निमतानदार चाचा

चाचांनी मला खोली दिली तीसुद्धा दोनदा पारखून. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः पारखलं. ओट्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि विचारलं, गाव कोणतं, नोकरी कुठे, घरी कोण कोण, किती दिवस राहणार. मी फटाफट उत्तरं दिली आणि आता किल्ली मिळणार म्हणून हात पुढे केला, तर म्हणाले, "उद्या या. उद्या शेजारच्या बाई तुम्हाला हेच विचारतील. मी त्यांना काय सांगितलेलं नाय." दुसऱ्या दिवशी शेजारी कपडे शिवणाऱ्या बाईंनी मशीन थांबवून, दातात दोरा धरून, मला तेच सगळं विचारलं. मग चाचांनी दोन्हीकडची उत्तरं ताडून बघितली. फरक एकच निघाला. त्यांना मी एक वर्ष राहीन म्हणाले होते, बाईंना दोन. "दीड धरू," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली.

मी सहा वर्षं राहिले.

औरंगपुऱ्याच्या एका बोळात ते घर होतं. खाली चाचा एकटे, वर मी. मी जवळच्या कॉलेजात ग्रंथालयात कामाला होते. चाचांची बायको मी यायच्या बऱ्याच आधी वारली होती, मुलगी हैदराबादला दिलेली. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे जन्म शेतं मोजण्यात गेलेला. शेताची सरकारी मोजणी झाली आणि ती कुणाला पटली नाही, की वरच्या माणसाकडून फेरमोजणी मागता येते. तिला त्या खात्यात निमताना म्हणतात आणि ती करणारा तो निमतानदार. चाचा शेवटची कित्येक वर्षं निमतानदार होते. निमतानाही पटली नाही तर त्याच्या वर सुपर निमताना असते, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा फिरकी घेतोय. पण खरंच असते.

नोकरी सुटली तरी निमताना काही सुटली नाही. वांगी घ्यायची तर दोन गाड्यांवर भाव विचारायचा, आणि दुसऱ्याला पहिल्याचा भाव सांगायचा नाही. जन्मापासून माहीत असलेल्या गल्लीत शिरतानाही दोन माणसांना रस्ता विचारायचा. "बघतो, दुनिया अजून जागेवर हाय का," असं म्हणायचे. पाणी यायच्या दिवशी ते मला विचारायचे, नळाला किती वाजता आलं? मी सांगितलं की खाली जाऊन शिवणाऱ्या बाईंना विचारायचे. पाणी तोवर दोघांच्याही टाक्या भरून वाहत असायचं. मी चिडायचे. मला सगळ्याचीच घाई. पहिलं उत्तर मिळालं की मी उठून चालायला लागते, अजूनही. चाचांना माझ्या या सवयीची काळजी वाटायची. मला बघायला एक मुलगा येऊन गेला आणि मी त्याच संध्याकाळी हो म्हणायला निघाले, तेव्हा ते जिन्यात उभं राहून म्हणाले, "बेटा, एक डाव अजून बघा. तोच मुलगा बघा, पण दुसऱ्या दिवशी बघा." मी बघितलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी नीट बोलला, पण हॉटेलातल्या पोऱ्यावर ज्या पद्धतीनं खेकसला, ते बघून मी घरी कळवलं, नको.

असं सांगणारं माणूस आता जिन्यात नाही. माझ्या नव्या फ्लॅटला लिफ्ट आहे, आणि लिफ्टमध्ये कुणी कुणाला थांबवत नाही.

मांजर आमच्याकडे आली ती दोन घरांमधल्या भिंतीवरून. अंगानं राखाडी, छाती पांढरी, एक कान जरासा फाटलेला. ती कुणाची यावर मी आणि चाचांनी खूप वाद घातला. मी म्हणत होते तुमची, म्हणजे माझ्यामागे दुधाचा ताप नको. ते म्हणत होते तुमची, कारण ती झोपते वर. शेवटी त्यांनी निकाल दिला, "सामाईक. सातबाऱ्याला लावली तर दोघांची नावं लागतील." म्हणून तिचं नाव सामी पडलं. ती खाली पोटभर जेवायची आणि वर येऊन माझ्यापाशी उपाशी असल्यासारखी केकाटायची. चाचा संध्याकाळी विचारायचे, "तुमच्याकडं काय खाल्लं तिनं?" मी सांगितलं की कपाळावर हात मारायचे. चाळीस वर्षं शेतकऱ्यांच्या साक्षी ऐकलेला माणूस, पण त्या मांजरीनं त्यांना रोज फसवलं.

माझ्याशी ते मराठीत बोलायचे, सरकारी कागदासारखी स्वच्छ मराठी, मध्येच मराठवाड्याचा हेल. सामीशी मात्र दखनी. "क्या जी सामी, आज कायकू मुँह फुला को बैठी? नाराज हैं क्या हम से?" सामी शेपूट आपटायची. "अच्छा अच्छा, नक्को बोलो." मी वरच्या कठड्यावरून ऐकत असायचे. एवढ्या लाडानं ते आपल्या मुलीशीही फोनवर बोलत नसत.

थंडी संपता संपता सामीनं खाणं टाकलं. आधी दूध, मग पोळी, आणि मग सुकटीचा वास आला तरी मान वळवेना. टाकीच्या सावलीत पाय पोटाखाली घेऊन बसून राहायची. चाचांनी तिला दोन दिवस बघितलं, मला दोन दिवस बघायला लावलं, आणि मग आम्ही भाजीच्या झाकणाच्या टोपलीत तिला घालून सिडकोतल्या एका दवाखान्यात नेलं. मी स्कूटर चालवत होते, चाचा मागे टोपली पोटाशी धरून.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला हळुवार. त्यांनी पोट चाचपलं, मशीन लावून बघितलं आणि म्हणाल्या, "पोटात गाठ आहे. वय बघता ऑपरेशन झेपणार नाही. महिना, कदाचित दोन महिने. दुखणार नाही एवढं आपण बघू." त्यांनी दुखण्याची सुई दिली, कागदावर सगळं लिहून दिलं आणि चार दिवसांनी परत आणा म्हणून सांगितलं.

बाहेर आल्यावर चाचांनी तो कागद वाचलासुद्धा नाही. चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. "हा तुमच्या पर्समधे ठेवा. उद्या निमताना."

"चाचा, पण दुसऱ्या डॉक्टरला हा दाखवावा लागेल ना?"

"अजिबात नाय."

आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, टोपली स्कूटरच्या सीटवर ठेवून, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. गोष्ट माझ्याच गावाकडची होती, सोयगाव तालुक्यातली. दोन भावांचा बांधावरून तंटा. पहिली मोजणी झालेली, धाकट्याला मान्य नाही, म्हणून निमतानेला चाचा गेलेले. तिथल्या कारकुनानं चांगुलपणा म्हणून आदल्या रात्री त्यांना पहिल्या मोजणीचा नकाशा दाखवला. "दुसऱ्या दिवशी मी मोजलं बेटा. माझी साखळी बरोबर, माणसं बरोबर, सगळं बरोबर. पण डोळ्यात त्याचा नकाशा बसलेला. माझी रेघ त्याच्या रेघेवर जाऊन पडली. पुढं सुपर निमताना झाली तेव्हा कळलं, धाकट्याचं खरं होतं. तोवर त्यानं विहीर दुसऱ्याच जागी खांदली होती." त्या दिवसापासून त्यांनी पहिल्याचा नकाशा कधी बघितला नाही. "या डॉक्टरीणबाई गाठ म्हणाल्या. दुसऱ्याला सांगितलं तर त्याच्या बोटांना गाठच लागंल."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आजही ते अर्धं पटतं. शिवाय गाठ नाही असं कुणीतरी म्हणावं, हे मलाही हवंच होतं.

दुसरे डॉक्टर बजाजनगरला. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, घराच्या पुढच्या खोलीत जनावरं बघायचे. चाचांना ते नाव दोन वेगवेगळ्या माणसांनी सुचवलं होतं, हे वेगळं सांगायला नको. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही पोचलो. बाकावर एक कामगार कुत्र्याला मांडीवर घेऊन बसला होता, दाराशी कुणाची तरी शेळी बांधलेली. डॉक्टर दणकट, हाताला फिनेलचा वास, बोलणं रोखठोक.

"किती दिवस झाले खात नाय?"

"सहावा दिवस," चाचा म्हणाले.

"आधी कुठं दाखवलं होतं का? सुई-बिई काय दिली का कुणी?"

मी चाचांकडे बघितलं. त्या माणसाला मी चार वर्षं ओळखत होते. बोळातल्या पोरांनी चेंडूनं कुणाची काच फोडली आणि त्यांना साक्षीदार केलं, तरी ते कोण कुठे उभा होता ते पावलं मोजून सांगायचे. ते म्हणाले, "नाय. कुठंच नाय."

माझी पर्स माझ्या मांडीवर होती. आत तो कागद होता. मी पर्सची साखळी मुठीत धरून बसले आणि एक शब्द बोलले नाही. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती की कागद काढला तर हेही गाठच म्हणतील.

डॉक्टरांनी सामीचा जबडा उघडला आणि लगेच म्हणाले, "हे बघा. दाढ सडलीय, हिरडी किती सुजली. खाईल कशी बिचारी?" पोटही चाचपलं. "इथं जरा घट्ट लागतंय. पण ते मागून बघू, आधी तोंड." त्यांनी सुजेची आणि दुखण्याची सुई टोचली, पाजायचं औषध दिलं, कागद लिहून दिला. तो कागदही चाचांनी घडी घालून माझ्याकडेच दिला.

त्या संध्याकाळी सामीनं खाल्लं. चिमूटभर सुकट, पण खाल्ली. चाचांचा आनंद काय सांगू. त्यांनी बेकरीतून नानखटाई आणली, शिवणाऱ्या बाईंना दिली, मला दिली. सामीला मांडीवर घेऊन म्हणाले, "देखो, मॅडम तुमारे पेट में गाँठ बोल रे थे! दाढ निकली, दाढ!" मीही हसले. वरच्या खोलीत जाऊन मी आईला फोन केला आणि सांगितलं, काही नाही गं, दाताचं होतं. इतकी गाढ झोप मला कितीतरी दिवसांत लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती ओकायला लागली. मग लघवी बंद झाली. शुक्रवार होता, चाचा नमाजाला गेलेले. मी टोपली पायांमध्ये धरून रिक्षानं सिडकोत गेले. त्या डॉक्टरांनी विचारलं, "मधे काही दिलं का?" मी पर्स उघडली आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवले. त्यांनी ते शेजारी शेजारी सरळ केले आणि दोन्हींवर एकाच औषधाच्या नावाखाली पेन फिरवलं.

"लगेच दुसऱ्या दिवशी परत? मांजराला हे फार जपून द्यावं लागतं. मूत्रपिंडावर जातं. माझा कागद त्यांना दाखवला नाही तुम्ही?"

मी मान हलवली. त्यांनी सलाइन लावली, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतली. चाचा नमाजावरून परस्पर तिथे आले आणि बाकावर बसून राहिले. मूत्रपिंड गेलंय एवढंच मी त्यांना सांगितलं, कागदांचं काही सांगितलं नाही. रात्री आम्ही तिला घरी आणलं, आणि शनिवारी सकाळी चाचांच्या मांडीवर सामी गेली. तिला काय हवं ते चाचा शेवटपर्यंत विचारत होते, "क्या होना बोलो ना."

अंगणात सीताफळाच्या झाडाखाली आम्ही खड्डा केला. खोली त्यांनी काठीनं मोजली, मग काठी माझ्या हातात दिली. मीही मोजली. तेवढीच भरली.

"मूत्रपिंड कशानं गेलं म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" त्यांनी विचारलं.

"वय झालं होतं चाचा."

ते "हौ" म्हणाले आणि हात धुवायला गेले.

चाचा प्रत्येक गोष्टीची फाइल करायचे. नळजोडणीची फाइल, माझ्या भाड्याची फाइल, चष्म्याच्या नंबराची फाइल. आठवड्यानं त्यांनी सामीच्या फाइलसाठी दोन्ही कागद मागितले. हरवले म्हणाले असते तर चाललं असतं. पण मी ते दिले. का दिले, मला नक्की सांगता येत नाही. एकटीनं ते धरून ठेवणं मला झेपत नव्हतं, एवढंच.

ते ओट्यावर बसून भिंगातून वाचत होते. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर. बराच वेळ ते एका कागदावरून दुसऱ्यावर जात होते, मग परत पहिल्यावर.

"औषध एकच दिसतंय."

मी पायरीवरची धूळ बोटानं पुसत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं बेटा?"

"शुक्रवारी कळलं."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी भिंग पुसलं आणि खिशात ठेवलं. "दोघांचीबी मोजणी बरोबर होती," ते म्हणाले. "गाठबी होती, दाढबी होती. चूक मोजणाऱ्याची नव्हती. बघा, नव्या मोजणीदाराला जुना नकाशा दाखवायचा नसतो. पण जागेवरच्या खुणा दाखवायच्या असतात. दगड कुठं, विहीर कुठं, पहिली मेख कुठं ठोकली, ते लपवायचं नसतं. सुई ही खूण होती. मी नकाशाबरोबर खुणाबी लपवल्या." मग कागद फाइलीत लावत म्हणाले, "एवढी साधी गोष्ट. नोकरीत मी पोरांना हीच शिकवायचो."

पुढे दोन वर्षांनी त्यांची मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली आणि तिथेच ते गेले. मला कळलं ते पंधरा दिवसांनी. सामी गेल्यानंतरच्या त्या दोन वर्षांत त्यांनी कुणाला दोनदा भाव विचारलेला मी बघितला नाही. वांगी पहिल्या गाडीवरून घ्यायचे. पाणी आलं म्हटलं की मान डोलवायचे. मी मुद्दाम जिन्यात रेंगाळायचे, काहीतरी अर्धवट सांगायचे, आज बदलीचा अर्ज देऊ का, घरचे एक स्थळ म्हणताहेत. ते म्हणायचे, "तुम्हाला ठीक वाटतं ना? मग झालं." ज्या सवयीला मी इतकी वैतागले होते, ती परत यावी म्हणून मी काय काय केलं असेन. फार आठवण येते मला त्या जुन्या, छळणाऱ्या चाचांची. डॉक्टर काही म्हणाला, बँकेतला माणूस काही म्हणाला, की मी एक क्षण थांबते, आणि मागून कुणीच बोलत नाही.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. कागद वाचून झाल्यावर चाचा उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "बजाजनगरला सोडता का?"

"कशाला?"

"त्या माणसाला वाटत असंल, आपल्या औषधानं मांजर बरी झाली. उद्या कुणाकडून कळलं ती गेली, तर आपलंच चुकलं म्हणंल. त्याला खरं सांगितलं पाहिजे."

मी म्हटलं, चाचा, त्यांना आठवतसुद्धा नसेल, त्यांच्याकडे रोज पन्नास जनावरं येतात. ते स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले होते. टोपली नव्हती तरी मागे बसताना त्यांनी दोन्ही हात पोटाशी तसेच धरले होते, ते मला आरशात दिसत होतं.

डॉक्टर दाराशी एका शेळीच्या खुराला पट्टी बांधत होते. चाचा समोर जाऊन उभे राहिले. "साहेब, मागच्या आठवड्यात मांजर आणली होती. राखाडी. ती गेली. तुम्ही विचारलं होतं आधी कुठं दाखवलं का, आणि मी नाय म्हणालो होतो. ते खोटं होतं. आदल्या दिवशी हीच सुई दिलेली होती. तुमची काय चूक नाय, हे सांगायला आलो."

डॉक्टरांचे हात थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला. "अहो, म्हणून तर विचारतो ना आम्ही! हौस म्हणून विचारतो का? मला एक शब्द सांगितला असता तर मी ती सुई दिलीच नसती. अजून काही दिवस जगली असती ती." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि बाई, तुम्ही तर शिकलेल्या दिसता. तुम्ही इथंच बसला होता. तुम्हाला माहीत नव्हतं? कागद कुणाकडं होता?"

मी तोंड उघडलं. चाचा माझ्याआधी बोलले.

"त्यांना काय माहीत नव्हतं. कागद माझ्या खिशात होता."

एवढं म्हणून त्यांनी डॉक्टरांना आदाब केला आणि मला म्हणाले, "चला बेटा." मी गाडी काढली. नगर नाक्यापर्यंत मी मनात वाक्य जुळवत होते. तिथे सिग्नलला मागे वळले, तर म्हणाले, "पुढं बघून चालवा." मी पुढे बघून चालवलं. ते वाक्य मी कधी बोललेच नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरच्या दोन वर्षांत नाही, हैदराबादला जाताना रिक्षात त्यांची पेटी ठेवली तेव्हाही नाही.

कागद माझ्या पर्समध्ये होता, चाचा. मी तो काढला असता तर सामी आणखी महिनाभर तुमच्या पायांत घोटाळली असती. एकदा खोटं बोललेला माणूस ते कबूल करायला गेला, आणि तिथे दुसऱ्यांदा खोटं बोलला ते माझ्यासाठी. आणि मी ते बोलू दिलं.